चार कोपरे

पंखा बंद करा.

पात्यांचा आवाज कमी होत जातो, मग थांबतो. आता रस्ता ऐकू येतो. दूर एसटीचा हॉर्न. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. येऊ द्या ते आवाज.

समोर टेबल असेल. नसेल तर चटई. तिच्यावर एक पांढरं सुती कापड पसरा. धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा असला तर उत्तम. नव्या कापडाला खळ असते. कापड पुरतं कोरडं आहे ना, एकदा गालाला लावून बघा.

त्यावर एक कार्ड ठेवा. एकच.

कुठलंही चालेल. बबलगमबरोबर आलेलं क्रिकेटपटूचं. पोकेमॉनचं चमचमणारं. उंची, वजन आणि रँक छापलेलं कुस्तीवाल्यांचं ट्रम्प कार्ड. सांगलीतल्या एखाद्या मुलीच्या खणात स्मृती मानधनाचं असेल. बाकीचा गठ्ठा डब्यातच राहू द्या.

हात लावू नका अजून.

नुसतं बघा.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. सोडताना तोंड जरा बाजूला घ्या. श्वासात ओल असते.

आज आपल्याला फक्त या ओलीकडेच बघायचं आहे. घाई नाही.

कार्ड अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. एवढ्यात एक माणूस मावलेला आहे, बॅट उचललेला.

त्याच्याकडे सध्या बघू नका. नजर कडेला न्या. वरच्या डाव्या कोपऱ्यावर.

तिथं थांबा.

कोपरा टोकदार आहे का? की टोक गेलं आहे आणि तिथं पांढरं दिसतं आहे? कोपरा झिजतो तेव्हा आधी छपाई उडते आणि आतला कागद उघडा पडतो. मोहरीएवढा ठिपका. लांबून दिसतही नाही.

तो ठिपका कधीतरी पडला. दप्तरात, खिशात, मधल्या सुट्टीत. कुणीतरी कार्डं जमिनीवर उभी आपटून गठ्ठा सारखा केला असेल. आठवायचा प्रयत्न करू नका. ठिपका आहे, एवढं पुरे.

आता उजवा कोपरा.

खालचा उजवा.

खालचा डावा.

प्रत्येकापाशी एक श्वास.

इथं सावंतवाडीची आठवण येते. तिथल्या गंजिफाला, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना, कोपराच नाही. पत्ता गोल. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांवर चिकटवायचे, घोटायचे, वर चितारी रंगकाम करणार, आणि शेवटी लाखेचा हात. लाखेमुळं हाताचा घाम आत मुरत नाही. कोकणातल्या पावसात राहायचं म्हणजे कातडी जाड हवीच.

दशावतारी गंजिफात १२० पत्ते. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचे बारा. दिवसा खेळायला बसलं तर उतारी रामाची. दिवे लागल्यावर बसलं तर कृष्णाची.

एक क्षण तेच डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळ झाली आहे, समईचा उजेड आहे, आणि हातात एक गोल, गुळगुळीत, किंचित जड पत्ता आहे. बोट कडेवरून फिरतं. फिरत राहतं. कुठं अडत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जवळपास संपली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चित्रकार बसवले, आणि पत्ते पुन्हा रंगू लागले. तिथं पत्त्यांबरोबर त्यांची लाकडी पेटीही रंगवतात. पत्ता आणि त्याचं घर एकाच हातचं. हे मला फार आवडतं.

परत आपल्या कार्डाकडे या.

याला लाख नाही. गोल कड नाही. याला चार कोपरे आहेत, आणि याचा सगळा नाजूकपणा तिथंच आहे.

अमेरिकेत १९५२ साली टॉप्स कंपनीनं बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढली. न खपलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न काही वर्षं गोदामात पडून राहिला. शेवटी ती बोटीतून नेऊन समुद्रात ओतली, असं कंपनीच्याच साय बर्गर यांनी पुढं सांगितलं. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. त्याचे कोपरे शाबूत होते.

आकडा ऐकून मन धावतं. धावू द्या. दमलं की परत येईल.

आलं?

मग आता हात.

हात धुवा. पुसा. पुसल्यावरही थोडं थांबा, कारण नखांच्या कडांना पाणी राहतं. भडंग खाल्लेलं बोट नको, कंदी पेढा मोडलेलं तर नकोच. तुपाचा डाग कागदातून परत निघत नाही.

सुती हातमोजे घालावेत असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. मोज्यातल्या बोटाला कडेचा अंदाज येत नाही, आणि नेमका तिथंच कोपरा दुमडतो. स्वच्छ, कोरडं, उघडं बोट बरं.

अंगठा एका कडेला. मधलं बोट समोरच्या कडेला. दाब इतकाच की कार्ड पडू नये.

उचला.

किती हलकं आहे. हात आपोआप सावकाश झाला आहे, लक्षात आलं का?

उजेडात किंचित तिरपं करा. पृष्ठभागावर उजेड सरकतो. एखादी रेघ दिसते, एखादा बोटाचा ठसा, एखादी फिकट गोलाई. मघाशी सपाट वाटलेल्या कागदाला उंचसखल भाग आहेत.

आता कार्ड डोळ्यांच्या रेषेत आडवं धरा आणि कडेकडून बघा.

सरळ आहे? की वाकलं आहे?

वाकलं असेल तर ते तुमच्या खोलीतल्या हवेनं केलं आहे. विशेषतः चमकत्या कार्डांचं. त्यांच्या एका अंगाला चंदेरी पातळ थर असतो, दुसऱ्या अंगाला कागद. थराला ओल लागत नाही. कागद ओल पितो आणि फुगतो. मग कार्ड चमकत्या बाजूकडे कमान टाकतं. हवा फार कोरडी झाली तर कागद आकसतो आणि कमान उलटी होते.

म्हणजे आषाढात साताऱ्यात एका बाजूला. एप्रिल-मे मध्ये सांगलीत दुसऱ्या बाजूला.

कार्ड तेच.

डोळे मिटा. कार्ड कापडावर ठेवा आणि मग मिटा.

साताऱ्याचा पाऊस मनात आणा. मोठ्या सरी नकोत. यवतेश्वराच्या घाटातून खाली उतरणारं धुकं आणा. अजिंक्यतारा अर्धा दिसतो, मग दिसत नाही. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. मीठ बरणीत गोळा होतं. कपाटाचं दार फुगतं आणि ओढावं लागतं.

पश्चिमेकडच्या भिंतीवर तळहात टेकवा. मनातच. गार लागते. ओल भिंतीतून आत आली आहे, आवाज न करता.

ती वहीत जाते. ती फोटोंच्या अल्बममध्ये जाते. ती डब्यातल्या कार्डांमध्येही जाते.

तिचा वास घ्या. कुबट, मातकट, थोडा गोडसर.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता याच पाण्याबरोबर खाली चला.

महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सांगलीत त्याच्या साधारण दहावा हिस्सा. पण वर पडलेलं पाणी वर राहत नाही. ते धोमला येतं. वाईच्या घाटांना लागून जातं. माहुलीला वेण्णा मिळते. कराडला समोरासमोर कोयना येते. नदी रुंद होते, संथ होते, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोचते. पुढं हरिपूरला वारणा.

सातारची ओल हवेतून येते. सांगलीची नदीतून. पाणी एकाच डोंगरावरचं.

पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहा. मनातच. खाली पाण्याची पातळी दाखवणारे आकडे आहेत. ४० फूट म्हणजे इशारा. ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शहराच्या नगर वाचनालयातली पुस्तकं त्या पाण्यात गेली. घरोघरचं काय काय गेलं त्याची यादी कुणी केली नाही. भांडी धुऊन घेता येतात. कागदाचं तसं नसतं.

त्यात मुलांची कार्डंही असणार. पलंगाखालच्या बुटाच्या खोक्यात.

इथं थोडं थांबू.

काही करायचं नाही. नदी बघायची.

आता समजा, एक कार्ड भिजलं आहे. तुमच्या समोर आहे. गाळ लागलेला आहे.

आधी हात आवरा. पुसायची घाई होते, ती होऊ द्या आणि जाऊ द्या. ओला कागद पुसला की रंग कापडाबरोबर येतो.

गाळ असेल तर ताटात स्वच्छ पाणी घ्या आणि कार्ड त्यात आडवं सोडा. बोट न लावता पाणी हलवा. गाळ आपला आपण सुटेल तेवढाच सुटू द्या.

कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. चकचकीत कागदावरचा लेप ओला झाला की गोंदासारखा धरतो. ओढलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो. ओली असतानाच, पाण्यातच, सुटली तर सुटतील.

मग टीपकागदावर. सावलीत. पंख्याखाली, पण थेट झोतात नको. उन्हात नको. इस्त्री तर अजिबात नको. ओला झालेला टीपकागद काढा, कोरडा घाला, पुन्हा बदला, पुन्हा बदला.

बुरशीला दोन दिवस पुरतात. कार्डं फार असतील आणि एवढ्यात सगळी वाळवणं होणार नसेल, तर जाणकार ती पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढं सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात. पुरात लाइट कुठली आणि फ्रीज कुठला, हे सांगलीकरानं कुणाला सांगावं! पण मिरजेला, विट्याला कुणी नातेवाईक असतो. त्यांच्या बर्फाच्या कप्प्यात जागा होते.

वाळलेलं कार्ड पूर्वीसारखं होत नाही. कडा लहरी होतात. पाण्याची एक रेघ राहते.

तिच्याकडेही बघा. मघाशी कोपऱ्यांकडे बघितलंत तसंच.

बरं. आपलं कार्ड अजून कोरडं आहे. त्याच्याकडे येऊ.

एक मऊ, पारदर्शक कव्हर घ्या. पॉलिप्रॉपिलीनचं. आधी नाकाशी न्या. वास येत नाही? मग ते योग्य आहे. नव्या रेनकोटाला येतो तसला वास आला तर ते पीव्हीसी. कालांतरानं चिकट होतं आणि छपाई स्वतःकडे ओढून घेतं. जुन्या अल्बमांची पानं पुष्कळदा त्याचीच असतात.

कव्हराच्या दोन्ही कडा हलकेच दाबा. तोंड उघडतं.

कार्ड थोडं तिरपं धरा, एक कोपरा आधी आत जाऊ द्या. मग दुसरा. मग सोडा. ते आपल्या वजनानं उतरतं. ढकलू नका.

ऐकू आलं? अगदी बारीक सरसर.

पुन्हा ऐकायचं असेल तर दुसरं कार्ड घ्यावं लागेल. हे आता आत राहू द्या.

मग हे कव्हर टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात. तो वाकत नाही, म्हणून आतला वाकत नाही. एवढंच त्याचं काम.

लॅमिनेशन करू नका. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे ते दोन मिनिटांत होतं, स्वस्तात होतं, आणि देणाऱ्याला वाटतं आपण कार्ड जपलं. गरम प्लॅस्टिक एकदा कागदावर बसलं की निघत नाही. जमवणाऱ्यांच्या लेखी ते कार्ड तिथंच संपतं. रबरबँडही काढा. तो आधी कडेला खाच पाडतो, मग उन्हाळ्यात वितळून तिथंच चिकटतो. हे थोडं रागानं लिहिलं गेलं. असो.

श्वास घ्या. मीही घेतो.

वाईच्या जुन्या वाड्यांत पोथ्या कशा ठेवत, ते आठवा. सुटी पानं. वर एक फळी, खाली एक फळी. भोवती लाल कापड, घट्ट गुंडाळलेलं. आत वेखंडाचा तुकडा, कडुनिंबाचा पाला. पावसाळा सरला की पोथ्या बाहेर काढायच्या, पानं मोकळी करायची, वारं द्यायचं, पुन्हा बांधायच्या.

लाल गाठ सोडणारी बोटं बघा. म्हातारी बोटं. गाठ सुटते, कापडाचा एक पदर उघडतो, दुसरा उघडतो. फळी उचलली जाते. वास येतो.

त्या बोटांना घाई नाही. पोथी वाचायची आहे असंही नाही. आज फक्त वारं द्यायचं आहे.

तुम्हीही द्या. घटस्थापनेच्या सुमाराला, हवा कोरडी होऊ लागली की, एका सकाळी डबा उघडा. एकेक कार्ड उजेडात तिरपं करा. कसर लागली आहे का, कुठं करडा ठिपका आहे का. मग परत.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते ओलीनं भरले. गरम करून पुन्हा नारिंगी होतात. मात्र डबाभर पुड्या कोंबू नका. हवा पार कोरडी झाली तर कार्ड उलटं वाकेल, मघाशी बघितलं तसं. शंभरात पंचेचाळीस-पन्नास एवढी आर्द्रता कागदाला मानवते. ती दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. नसलं तर मिठाच्या बरणीकडे बघा.

आता डबा हातात घ्या आणि घरात फिरा. सावकाश.

पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबा. तळहात टेकवा. साताऱ्यात असाल तर ही भिंत नको.

खिडकीपाशी थांबा. ऊन कुठवर येतं? उन्हानं लाल रंग आधी उडतो. इथं नको.

माळ्याखाली थांबा, वर बघा. वर पत्रे असतील तर मे महिन्यात तिथं भट्टी असते. तिथंही नको.

सांगलीत गावभागात, मारुती चौकाकडे घर असेल तर खाली उभे राहून भिंत बघा. पाणी कुठवर आलं होतं ती रेघ रंगाखाली गेली असेल, पण घरच्यांना ती ठाऊक असते. विचारा. हात वर करून दाखवतील. डबा त्या हाताच्या वरच्या मजल्यावर, पत्र्यांच्या खालच्या मजल्यावर, मधल्या भिंतीच्या कपाटात. अशी जागा एखादीच निघते. ती सापडेपर्यंत फिरा.

सापडली की डबा ठेवा. भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर राहू द्या. मागून हवा जाईल.

एक काम उरलं.

कागदाचा लहान तुकडा घ्या आणि पेन्सिल. शाई नको, ओल लागली की पसरते. कार्ड कुणाचं, कुठून आलं, कुणाशी काय देऊन बदललं, आठवतं तेवढं लिहा. चिठ्ठी कव्हराच्या बाहेर, टॉपलोडरच्या मागं.

किंमत लिहायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. लिहिलीत तर शेजारी तारीख घाला.